पॅरिसच्या मंचापर्यंतची वाट : ब्रेकिंग करणाऱ्या मुली घडतात कशा?

मुळामुठा (धागाकर्ती)

९ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसमधील प्लास द ला काँकॉर्ड या चौकात महिलांच्या ब्रेकिंगची (म्हणजे ब्रेकडान्सची) अंतिम लढत झाली, तेव्हा समोरासमोर उभ्या ठाकलेल्या दोघींच्या वयात आठ वर्षांहून अधिक अंतर होते. जपानची आमी युआसा पंचवीस वर्षांची होती आणि लिथुआनियाची डॉमिनिका बानेविच, जिला या वर्तुळात सगळे निका म्हणून ओळखतात, अवघी सतरा वर्षांची. आमीने तिन्ही फेऱ्या जिंकल्या आणि ऑलिंपिकमधील या प्रकाराचे महिलांचे पहिले सुवर्णपदक तिच्या गळ्यात पडले. आपल्याकडे त्यानंतर जी चर्चा झाली ती मात्र जवळजवळ पूर्णपणे एका ऑस्ट्रेलियन स्पर्धकाच्या फजितीची होती, त्यामुळे या मुली तिथवर पोहोचतात कशा हा अधिक रंजक प्रश्न मागेच पडला. माझी मुलगी पुण्यात ब्रेकिंग शिकते. तिच्या निमित्ताने जे वाचले, पाहिले आणि तिच्या शिक्षकांकडून समजून घेतले, ते इथे सविस्तर मांडते आहे.

ज्यांना हा प्रकार केवळ ‘डोक्यावर गरगर फिरणे’ एवढाच ठाऊक आहे, त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात १९७३ च्या ऑगस्टमध्ये डीजे कूल हर्क याने आपल्या बहिणीने भरवलेल्या पार्टीत तबकड्या वाजवल्या, आणि गाण्यातला जो तुकडा केवळ तालवाद्यांचा असे तो दोन तबकड्यांच्या साहाय्याने लांबवत नेण्याची त्याची युक्ती पुढे साऱ्या हिप-हॉपच्या मुळाशी राहिली. त्या तुकड्याला ब्रेक म्हणत, आणि त्या तुकड्यावर नाचणारी मुले बी-बॉय आणि बी-गर्ल झाली. या नाचाचे घटक आजही तेच आहेत. उभ्याने केलेली पावले म्हणजे टॉपरॉक, हात जमिनीला टेकवून पायांनी वर्तुळे काढणे म्हणजे फुटवर्क, खांद्यांवर, पाठीवर किंवा डोक्यावर फिरण्याच्या हालचाली म्हणजे पॉवरमूव्ह, आणि तालाच्या नेमक्या ठोक्यावर एखाद्या अशक्य वाटणाऱ्या स्थितीत शरीर थिजवणे म्हणजे फ्रीझ.

निकाची गोष्ट मला विशेष वाटते, कारण तिचा देश तीस लाखांहूनही कमी लोकसंख्येचा आहे आणि ब्रेकिंगच्या नकाशावर न्यूयॉर्क, सोल किंवा पॅरिसच्या शेजारी विल्नियसचे नाव कोणी सहज घेतले नसते. पाच-सहा वर्षांची असताना तिने इंटरनेटवर ब्रेकिंगची चित्रफीत पाहिली आणि ते शिकण्याचा ध्यास घेतला. सप्टेंबर २०२३ मध्ये बेल्जियममधील लूव्हेन येथे ती सोळाव्या वर्षी विश्वविजेती झाली आणि त्याच विजयाने तिला पॅरिसचे दार उघडून दिले. म्हणजे हातात सुमारे दहा वर्षे होती आणि त्यातली बरीचशी बालपणाची होती. तिचा नाच पाहिला की ही दहा वर्षे कशात गेली ते दिसते. जमिनीलगतचा वेग आणि एका हालचालीतून दुसरीत शिरताना कुठेही न दिसणारी शिवण या दोन्ही गोष्टी मोठेपणी सहज येणाऱ्या नव्हेत.

आमीची वाट वेगळ्या घरातून निघते. सायतामा प्रांतातली ही मुलगी सहाव्या वर्षी थोरल्या बहिणीच्या मागोमाग हिप-हॉप नाच शिकायला गेली आणि दहाव्या वर्षाच्या आसपास ब्रेकिंगकडे वळली. थोरली बहीण आयू हीसुद्धा बी-गर्ल आहे. घरातच एक जोडीदार आणि एक प्रतिस्पर्धी असणे याचे मोल या क्षेत्रात फार आहे. रेड बुल बीसी वन या एकास-एक लढतींच्या नामांकित स्पर्धेने २०१८ मध्ये झुरिच येथे मुलींसाठी प्रथमच स्वतंत्र विजेतेपद ठेवले तेव्हा ते आमीनेच जिंकले, आणि २०२३ मध्ये पॅरिसला पुन्हा जिंकले. तोवर मुलींना मुलांच्याच गटात उतरावे लागे. २०१७ मध्ये त्याच स्पर्धेच्या जागतिक अंतिम फेरीत पुरुषांविरुद्ध उतरणारी पहिली स्त्री होती क्योटोची आयुमी फुकुशिमा, आणि आयुमीने ब्रेकिंगला सुरुवात केली ती वयाच्या एकविसाव्या वर्षी! पुढे २०२१ मध्ये ती विश्वविजेती झाली आणि पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये एक्केचाळिसाव्या वर्षी उतरली.

म्हणूनच ‘किती लवकर सुरू करावे’ हा पालकांचा लाडका प्रश्न मला आता दुय्यम वाटू लागला आहे. सहाव्या वर्षी सुरू केलेली निका आणि एकविसाव्या वर्षी सुरू केलेली आयुमी या दोघींमध्ये समान काय आहे, असे विचारले तर माझे उत्तर ‘सायफर’ असे आहे. सायफर म्हणजे नाचणाऱ्यांनी केलेले गोल रिंगण. त्यात एक जण मध्ये उतरतो, वीस-तीस सेकंद नाचतो आणि बाहेर येतो, की लगेच दुसरा उतरतो. तिथे परीक्षक नसतात, आरसा नसतो आणि पाठ केलेला क्रम फार टिकत नाही, कारण संगीत डीजे निवडतो आणि आधीच्याने जे केले त्याला काही तरी उत्तर द्यावे लागते. वर्गात हालचाली शिकता येतात. त्या कधी वापरायच्या आणि कधी राखून ठेवायच्या याची जाण मात्र केवळ रिंगणात येते. जी मुलगी वर्षानुवर्षे स्वतःहून मोठ्या, अनोळखी आणि बहुतांशी पुरुष असलेल्या रिंगणात उतरत राहते, तीच स्पर्धेत टिकते, असे माझे मत झाले आहे.

पॅरिसच्या गुणपद्धतीनेही हेच अधोरेखित केले. नऊ परीक्षक प्रत्येक फेरीत तंत्र, हालचालींचा साठा, सफाई, संगीताशी मेळ आणि स्वतंत्र शैली या पाच निकषांवर दोघींची तुलना करत होते आणि पाचही निकषांचे वजन सारखे होते. म्हणजे उड्या आणि गिरक्या कितीही घोटल्या तरी संगीत ऐकण्याचे आणि स्वतःचे काही सांगण्याचे मिळून चाळीस टक्के उरतातच, आणि ते कोणी शिकवून येत नाही.

इथे कोणाची मुले ब्रेकिंग करतात का? मुलींचा अनुभव असेल तर जरूर लिहावा.

---

साधीसुधी

लेख फार आवडला. माझी मुलगी नऊ वर्षांची आहे आणि ऑलिंपिक पाहिल्यापासून घरातल्या सतरंजीवर उलटी होऊन भिंतीला पाय लावते आहे. आमच्या जवळच्या एका वर्गात चौकशी केली, तर तिथे पहिल्याच महिन्यात मुलांना हेडस्पिन, म्हणजे डोक्यावर गरगर फिरणे, शिकवून वार्षिक कार्यक्रमात उभे करतात असे कळले आणि मी घाबरून परत आले. माझी भीती अनाठायी आहे का, हे इथल्या जाणकारांनी सांगावे. आणखी एक शंका अशी की, शिक्षण कोणत्या क्रमाने व्हायला हवे हे आईबापांना कसे समजावे?

---

हाडवैद्य

साधीसुधी ताई, तुमची भीती अगदी रास्त आहे. मी फिजिओथेरपिस्ट असून माझ्याकडे नाचणारी आणि जिम्नॅस्टिक्स करणारी बरीच मुले येतात, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

ब्रेकिंगमध्ये शरीराचा भार हातांवर येतो आणि मनगट मुळात भार वाहण्यासाठी घडलेले नाही. नऊ-दहा वर्षांच्या मुलीच्या मनगटाजवळच्या हाडांची टोके अजून वाढीच्या अवस्थेत असतात, त्यामुळे त्यांवर वारंवार आदळणारा भार आला तर दुखणे तिथूनच सुरू होते. मनगटानंतर गुडघे, खांदे आणि कंबर यांचा क्रम लागतो. चांगला शिक्षक पहिले काही महिने टॉपरॉक, सिक्स-स्टेपसारखे मूलभूत फुटवर्क आणि बेबी फ्रीझ यांवरच घालवतो. सिक्स-स्टेपमध्ये हात आळीपाळीने टेकवत पायांनी सहा पावलांत वर्तुळ पूर्ण करायचे असते. त्यात भार हात आणि पाय यांच्यात वाटला जातो, म्हणूनच ती सुरुवातीला योग्य ठरते. बेबी फ्रीझमध्ये कोपर पोटाच्या बाजूला टेकवून शरीर तोलायचे असते. तिथे डोके जमिनीला लागते, परंतु भार हातांवर असायला हवा, आणि शिक्षक नेमके हेच तपासतो की नाही यावरून त्याची पारख करता येते.

हेडस्पिनबद्दल माझे मत कडक आहे. मानेचे स्नायू, खांद्यांची स्थिरता आणि डोक्यावर उभे राहण्याची नियंत्रित सवय पुरेशी झाल्याशिवाय त्या वाटेला जाऊ नये, आणि नऊ वर्षांच्या मुलीला तर त्याची मुळीच घाई नाही. २०२४ मध्ये डेन्मार्कमधील डॉक्टरांनी एका बी-बॉयविषयी लिहिले आहे, ज्याच्या टाळूवर अनेक वर्षांच्या हेडस्पिनमुळे गाठ तयार झाली होती आणि तिथले केस गेले होते. शस्त्रक्रिया करून ती काढावी लागली. हे एकोणीस वर्षांच्या सरावानंतर घडले, त्यामुळे लगेच घाबरून जाण्याचे कारण नाही, पण शरीर हिशेब ठेवते एवढे त्यातून कळावे.

गुडघ्यांचे पॅड पहिल्या दिवसापासून असावेत. फरशी लाकडी किंवा लिनोलियमची असावी. सिमेंटच्या गच्चीवर सतरंजी अंथरून सराव होत असेल तर वर्ग बदलावा.

---

योकोहामाकर

मी गेली बरीच वर्षे जपानमध्ये आहे आणि आमीच्या यशामागचे वातावरण इथे रोज दिसते, त्याबद्दल थोडे लिहिण्याचा मोह आवरत नाही.

कावासाकी शहरात मिझोनोकुची नावाचे स्थानक आहे, जिथे संध्याकाळी कार्यालयांतून घरी परतणाऱ्यांच्या गर्दीशेजारीच तरुण मुले-मुली गुळगुळीत फरशीवर ब्रेकिंगचा सराव करताना दिसतात. जपानी ब्रेकिंगमध्ये ते ठिकाण जवळजवळ तीर्थक्षेत्र मानले जाते. इतर शहरांतही मोठ्या इमारतींच्या काचांचा आरशासारखा उपयोग करून सराव करणारे गट सापडतात. अनेक ठिकाणी रखवालदार हुसकावून लावतात हेही खरे, पण जिथे टिकते तिथे दहा वर्षांची मुलगी तिशीच्या माणसाशेजारी तीच हालचाल घोटत असते आणि कोणालाही त्यात वावगे वाटत नाही. मुळामुठा यांनी ज्या रिंगणाचा उल्लेख केला आहे, ते इथे वर्गाच्या चार भिंतींआत बंद नाही.

दुसरी गोष्ट शाळेची. २०१२ पासून जपानमधील माध्यमिक शाळांच्या पहिल्या दोन वर्षांत शारीरिक शिक्षणाच्या तासाला नृत्य सर्वांना सक्तीचे झाले आणि त्यात आधुनिक तालावरील नाचाचाही पर्याय आहे. त्याने सगळे विजेते निर्माण झाले असे मी म्हणणार नाही, कारण आमीची सुरुवात त्याच्याही आधीची आहे. परंतु ‘मुलगी रस्त्यावरचा नाच करते’ या वाक्यातला कमीपणा त्यामुळे बराच पुसला गेला, हे मात्र मी अनुभवाने सांगू शकतो. आता आजी-आजोबाही नातीचे बॅटल, म्हणजे समोरासमोरची लढत, पाहायला हौसेने येतात.

---

तिरकस

सगळे छान आहे, परंतु एक कटू प्रश्न विचारतो. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये ब्रेकिंग नाही. मग आज नऊ वर्षांच्या मुलीला या वाटेवर घालण्यात अर्थ काय? आणि ज्या ऑस्ट्रेलियन बाईंची ‘फजिती’ म्हणून आपण उल्लेख केला आहे, त्या तिथे पोहोचल्याच कशा? निवडीची पद्धत एवढी ढिसाळ असेल, तर या खेळाला गांभीर्याने का घ्यावे?

---

मुळामुठा (धागाकर्ती)

@तिरकस, दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. रेचल गन, म्हणजेच रेगन, यांनी ऑक्टोबर २०२३ मध्ये सिडनीत झालेली ओशनिया विभागाची पात्रता स्पर्धा जिंकली होती आणि प्रत्येक खंडाला जागा मिळावी हे ऑलिंपिकचे धोरणच आहे. पॅरिसमध्ये गटातील तिन्ही लढतींत मिळून परीक्षकांचे एकही मत त्यांना मिळाले नाही, म्हणजे निकालाने जे सांगायचे ते सांगितले. पद्धत ढिसाळ नव्हती. त्या विभागात पाया रुंद नव्हता. जिथे लहान मुलींना उतरायला रिंगणे नाहीत, तिथे पात्रता स्पर्धेतही खोली येत नाही, असे मी त्याचे वाचन करीन.

पहिल्या प्रश्नाबाबत माझे म्हणणे असे, की ब्रेकिंग ऑलिंपिकसाठी जन्मलेले नाही. जर्मनीत सुरू झालेली बॅटल ऑफ द इयर ही स्पर्धा १९९० पासून चालू आहे, रेड बुल बीसी वन २००४ पासून आहे, आणि पॅरिसच्या कितीतरी आधी या मुली तिथेच घडल्या. सरकारी मदत, प्रशिक्षकांचे पगार आणि पालकांच्या मनातील प्रतिष्ठा यांवर ऑलिंपिकबाहेर पडण्याचा परिणाम होईल, हे मी नाकारत नाही. लिथुआनियासारख्या छोट्या देशात तर तो अधिक जाणवेल. पण युवा ऑलिंपिकमध्ये हा प्रकार ऑलिंपिकच्या आधीच, २०१८ मध्ये ब्यूनोस आयर्सला आला होता, जिथे मुलींचे सुवर्ण जपानच्या रामू कावाईने जिंकले, आणि २०२६ च्या डाकारच्या युवा ऑलिंपिकमध्येही तो आहे. आशियाई खेळांतही हांगझोऊला ब्रेकिंग झाले. तिथे चीनच्या लिऊ चिंगयीने, जी ६७१ या नावाने नाचते, आमीला मागे टाकून सुवर्ण घेतले होते, आणि पॅरिसमध्ये तिला कांस्य मिळाले.

आणि समजा, यातले काहीच नसते, तरी काय बिघडले असते? आपण मुलींना कथक शिकवतो ते कोणत्या पदकासाठी?

---

वरळी_कोळीवाडा

९ नोव्हेंबर २०१९ रोजी रेड बुल बीसी वनची जागतिक अंतिम फेरी आपल्या मुंबईत, वरळीच्या एनएससीआय डोममध्ये झाली होती, हे इथे कोणी लिहिले नाही म्हणून लिहितो. मी त्या रात्री प्रेक्षकांत होतो. पुरुषांत नेदरलँड्सच्या मेनोने तिसऱ्यांदा विजेतेपद घेतले आणि महिलांत रशियाची कास्टेट जिंकली. कास्टेट ज्या ताकदीने जमिनीवर उतरत होती ते पाहून माझ्या शेजारी बसलेल्या दोन शाळकरी मुली एकमेकींचा हात घट्ट धरून बसल्या होत्या. त्यांच्या डोळ्यांसमोर त्या रात्री काय उघडले असेल, याचा मी नंतर पुष्कळ विचार केला.

मुंबईत ब्रेकिंग श्रीमंतांच्या नृत्यवर्गांतून आले नाही. धारावी, जोगेश्वरी, कुर्ला अशा भागांतल्या मुलांनी मोबाइलवर चित्रफिती पाहून, एकमेकांना धरून, पडून-झडून ते उभे केले. धारावीत ‘द धारावी ड्रीम प्रोजेक्ट’ची हिप-हॉप शाळा आहे, जिथे ब्रेकिंग, रॅप, बीटबॉक्सिंग असे सगळे मुलांना विनाशुल्क शिकवले जाते. तिथे मुलीही येतात. अडचण असते ती मुली बारा-तेरा वर्षांच्या झाल्यावर. तोपर्यंत घरातून कोणी काही म्हणत नाही. मग एकदम ‘आता पुरे’ असे होते आणि ज्या वयात निका विश्वविजेतेपदाच्या तयारीला लागली, त्याच वयात आपली मुलगी रिंगणाबाहेर पडते. प्रतिभेची वानवा आहे असे मला कधीच वाटले नाही.

भारतात या अडथळ्यातून पुढे गेलेल्यांपैकी बंगळूरूच्या जोहाना रॉड्रिग्ज, म्हणजे बी-गर्ल जो, यांचे नाव घ्यायलाच हवे. ‘राष्ट्रीय सायफर’ नावाची देशपातळीवरची स्पर्धा जिंकून त्यांनी देशाबाहेर प्रतिनिधित्व केले आहे आणि त्यांच्या नाचात योगाभ्यासाची जोड स्पष्ट दिसते. त्यांच्या फ्रीझमध्ये लवचीकपणा ज्या तऱ्हेने वापरला जातो, तो दुसऱ्या कोणाकडून उचललेला वाटत नाही.

---

दोरीचा_मल्लखांब

मी अनेक वर्षे मुलींना दोरीचा मल्लखांब शिकवते. आमच्याकडच्या एका मुलीने मध्यंतरी ब्रेकिंगचा वर्ग लावला, त्यामुळे दोन्हींची तुलना जवळून पाहता आली.

ताकदीच्या बाबतीत आमच्या मुली पुष्कळ पुढे असतात. दोरीवर स्वतःचा भार पेलण्याची सवय असल्याने खांदे, पोट आणि पकड तयार असते, आणि उलटे होण्याची भीती तर केव्हाच गेलेली असते. त्या मुलीने काही आठवड्यांतच असे फ्रीझ साधले की तिचे शिक्षक चकित झाले. परंतु संगीत सुरू करून ‘आता काहीही कर’ असे सांगितल्यावर ती खांबासारखी उभी राहिली. मल्लखांबात आणि जिम्नॅस्टिक्समध्ये क्रम ठरलेला असतो, तो निर्दोष पार पाडणे हेच ध्येय असते, आणि चूक म्हणजे वजा गुण. इथे चूक झाली तर तिच्यातूनच पुढची हालचाल काढायची असते. हे तिला समजायला ताकद कमावण्यापेक्षा जास्त काळ लागला. अमेरिकेची सनी चोई लहानपणी जिम्नॅस्ट होती, महाविद्यालयात असताना ब्रेकिंगकडे वळली, आणि पुढे २०२३ च्या पॅन अमेरिकन खेळांत सुवर्ण जिंकून पॅरिसला पोहोचली. तिलाही हा सांधा बदलावा लागला असणार.

त्यामुळे ज्यांच्या मुली आधीच मल्लखांब किंवा जिम्नॅस्टिक्स करतात, त्यांनी पॉवरमूव्हच्या मागे न लागता पहिले वर्ष टॉपरॉक आणि संगीतावर घालवावे असे मी सुचवीन. शरीर तयार असले की मोह फार होतो.

---

अंतर्मुख

वरळी_कोळीवाडा यांनी बारा-तेरा वर्षांच्या उंबरठ्याबद्दल जे लिहिले, ते वाचून काबूलच्या मनिझा तलाशची आठवण झाली. तिने किशोरवयाच्या शेवटी इंटरनेटवर एका माणसाला डोक्यावर फिरताना पाहिले आणि काबूलमधल्या ब्रेकिंग करणाऱ्या गटात ती सामील झाली, जिथे ती एकटीच मुलगी होती. २०२१ मध्ये तालिबान परतल्यावर तिला देश सोडावा लागला. ती आधी पाकिस्तानात आणि मग स्पेनमध्ये गेली, आणि निर्वासितांच्या संघातून पॅरिसला उतरली. नेदरलँड्सच्या इंडिया सारजू हिच्याविरुद्धच्या पात्रता लढतीत तिने ‘अफगाण स्त्रियांना मुक्त करा’ असा मजकूर लिहिलेले वस्त्र पसरले, आणि राजकीय घोषणांना मनाई असल्यामुळे तिला बाद ठरवण्यात आले. नियम नियमाच्या जागी योग्य असेल. मात्र त्या मंचावर तिला दुसरे काही सांगावेसे वाटणे शक्यच नव्हते, असे मला वाटते.

आपल्याकडचे प्रश्न एवढे भीषण नाहीत, पण ते आहेत. जॅम, म्हणजे ब्रेकिंग करणाऱ्यांचे मेळावे, रात्री उशिरापर्यंत चालतात. रिंगणात शंभरातले नव्वद मुलगे असतात. सराव करताना शिक्षकाला खांद्याला, कमरेला हात लावून आधार द्यावा लागतो. या गोष्टी आईबापांनी मुलीशी आणि शिक्षकांशी मोकळेपणाने बोलल्या पाहिजेत. न बोलता एक दिवस वर्ग बंद करणे हा सर्वांत सोपा आणि सर्वांत वाईट मार्ग आहे. माझ्या भाचीच्या क्रूमध्ये, म्हणजे नाचगटात, मुलींनी स्वतःचा वेगळा सरावाचा दिवस ठरवून घेतला आहे. त्या दिवशी लहान मुलींना मोठ्या मुली आधार देतात आणि इतर दिवशी सगळे एकत्र असतात. हा तोडगा मला फार शहाणपणाचा वाटला, कारण त्यात मुली मोठ्या रिंगणापासून तुटत नाहीत.

---

तिरकस

मुळामुठा यांचे उत्तर बऱ्याच अंशी पटले. तरी एक शंका राहतेच. ‘स्वतंत्र शैली’ला वीस टक्के गुण देणे म्हणजे परीक्षकाच्या आवडीनिवडीला मोकळे रान देणे नव्हे काय? धावण्याच्या शर्यतीत घड्याळ असते. इथे काय आहे?

---

योकोहामाकर

घड्याळ नाही, हे खरे आहे. म्हणूनच परीक्षक नऊ होते आणि ते निरपेक्ष गुण न देता दोघींतली कोण सरस एवढेच प्रत्येक निकषावर ठरवत होते. शिवाय परीक्षक स्वतः नावाजलेले बी-बॉय आणि बी-गर्ल असतात. कोणती हालचाल कोणाकडून आली, ती पूर्वी कोणी केली होती, याची त्यांना पिढ्यान्पिढ्यांची आठवण असते. या वर्तुळात दुसऱ्याची ओळखीची हालचाल जशीच्या तशी उचलणे ही मोठी नामुष्की समजली जाते आणि रिंगणात असे घडले की बाहेर उभे असलेले लोक हातवारे करून ते लगेच दाखवून देतात. शास्त्रीय गाण्याच्या मैफलीत जाणकारांना घराणे आणि नक्कल यांतला फरक कळतो, तसेच हे आहे. वाद होतात आणि होणारच. आमीच्या बाबतीत मात्र फारसे झाले नाहीत, कारण डीजेने कोणतेही गाणे लावले तरी ती त्यातले बारकावे पायांनी दाखवून देते.

---

साधीसुधी

सर्वांचे मनःपूर्वक आभार. हाडवैद्य यांच्या प्रतिसादाची छापील प्रत घेऊन मी दुसऱ्या एका वर्गात गेले. तिथल्या शिक्षिका स्वतः बी-गर्ल आहेत. त्यांनी मुलीला पहिल्या तासाला जमिनीवर उतरूच दिले नाही, केवळ गाणे लावून चालायला लावले. मुलगी जरा हिरमुसली, पण पुढच्या तासाला जायला तयार आहे. आता माझा पुढचा प्रश्न असा की, स्पर्धेत कधी उतरवावे? त्या वर्गातल्या काही पालकांना फार घाई दिसली.

---

वरळी_कोळीवाडा

ताई, लहान मुलांची बॅटल जगभर होतात. फ्रान्समधील शेल येथे २०१३ मध्ये झालेल्या अशाच एका बेबी बॅटलमध्ये ब्रिटनची सहा वर्षांची टेरा उतरली आणि तिची चित्रफीत लक्षावधी लोकांनी पाहिली. तेव्हा वयाची अट अशी काही नाही. परंतु एवढ्या लहान वयात मिळालेली प्रसिद्धी मुलीच्या डोक्यावर बसते आणि पालकांच्या त्याहून अधिक.

मी काही जॅमच्या आयोजनात हात लावला आहे, त्यावरून एवढे सांगतो. पहिली दोन-तीन वेळा तिला केवळ पाहायला न्यावे. बॅटल चालू असताना मंचामागे किंवा बाहेर आवारात सायफर सुरूच असतात. तिला तिथे जाऊ द्यावे, पण ढकलू नये. एक दिवस ती आपणहून आत शिरेल, दहा सेकंद काही तरी करेल आणि धावत बाहेर येईल. मोठी मुले लहानांसाठी टाळ्या वाजवतातच. त्यानंतर नाव नोंदवायला हरकत नाही. नोंदवताना एकास-एक लढतीऐवजी जोडीची लढत निवडावी, म्हणजे मंचावर एकटेपणा वाटत नाही. साधारण तीन फेऱ्या पुरतील एवढ्या वेगवेगळ्या हालचाली हाताशी असाव्यात, कारण एकाच लढतीत तीच हालचाल पुन्हा केली की परीक्षक ती मोजत नाहीत. आणि हरल्यावर तिला तिच्या प्रतिस्पर्ध्याकडे पाठवावे. जिंकलेला मुलगा किंवा मुलगी बहुतेक वेळा ती हालचाल तिथल्या तिथे शिकवून टाकते.

---

हाडवैद्य

वरळीकरांच्या सूचनांना माझी एक पुरवणी. जॅमच्या दिवशी मुले चार-पाच तास ताटकळतात, अंग थंड पडते, आणि नाव पुकारल्यावर एकदम मंचावर धावतात. बहुतांश लचक आणि मुरगळ तिथेच होते. नाव पुकारण्याच्या पंधरा मिनिटे आधी मनगटे, घोटे आणि मान यांचे व्यायाम करून घ्यावेत, अंगावर गरम कपडा असावा, आणि मधल्या वेळात वडापावऐवजी केळे द्यावे.